जुन्या गाडीचं दुखणं लिहून कसं विचारायचं आणि लांबून सल्ला कसा द्यायचा

"गाडी गरम झाली की बंद पडते, काय असेल?" एवढा एका ओळीचा प्रश्न मी ऑनलाइन किती वेळा वाचलाय त्याची मोजदाद नाही, आणि त्याच्याखाली येणारी उत्तरंही दर वेळी तीच, एक जण म्हणतो कॉईल (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारी) बदला, दुसरा म्हणतो पेट्रोल पंप गेलाय, तिसरा म्हणतो कार्बोरेटर खोलून धुवा, चौथा थेट हेड गॅस्केटवर जातो. यातलं कोणी थापा मारत नसतं, प्रत्येकाच्या गाडीत कधीतरी तेच निघालेलं असतं. पण विचारणाऱ्याच्या हातात काय पडतं तर चार पार्टची यादी. तो बिचारा चारही आणतो, बसवतो, आणि गाडी गरम झाली की बंदच पडते, वर त्या नवीन चारातला एखादा खराब निघाला तर जुना बिघाड कुठला आणि नवीन कुठला याची अशी सरमिसळ होते की पुढे कोणालाच काही उलगडत नाही.

जुन्या गाड्यांमध्ये हात काळे करता करता मी विचारलंयही भरपूर आणि सांगितलंयही भरपूर. त्यावरून माझं ठाम मत असं झालंय की दिसलं काय आणि वाटलं काय, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की अर्धं काम होतं. लांब बसलेल्या माणसाला तुमची गाडी दिसत नाही, आवाज येत नाही, पेट्रोलचा वास येत नाही, बोल्टला हात लावून तो सैल आहे का हे कळत नाही. त्याच्याकडे फक्त तुम्ही लिहिलेले शब्द आहेत, आणि त्या शब्दांत जर तुम्ही तुमचा अंदाजच घालून दिलात तर तो तुमच्या अंदाजाची दुरुस्ती सांगणार, गाडीची नाही.

एक उदाहरण घ्या. "कार्बोरेटरमध्ये पेट्रोल येत नाहीये" असं कोणी लिहिलं तर हे दिसलेलं वाटतं, पण खरं तर हा निष्कर्ष आहे. खोदून विचारलं की कळतं, एअर क्लीनर काढून वरून बघत अ‍ॅक्सिलरेटरची दांडी हाताने ओढली, आत पेट्रोलची धार पडताना दिसली नाही, म्हणून येत नाहीये. आता कार्बोरेटर जर सोलेक्स किंवा वेबरसारखा असेल, ज्यात दांडी ओढली की पेट्रोलची धार मारणारा अ‍ॅक्सिलरेटर पंप असतो, तर धार न दिसणं ही महत्त्वाची खूण आहे. पण तो एसयू असेल तर त्यात अ‍ॅक्सिलरेटर पंपच नसतो, तिथे वर-खाली होणारा पिस्टन असतो आणि त्याच्या डॅशपॉटमध्ये तेल असतं, त्यामुळे अगदी ठणठणीत गाडीतही तशी धार दिसणार नाही. म्हणजे एकच गोष्ट दिसली, पण एका गाडीत तो बिघाड आणि दुसरीत काहीच नाही. "मी असं केलं आणि असं दिसलं" एवढंच लिहिलं असतं तर वाचणाऱ्याने लगेच विचारलं असतं, बाबा कार्बोरेटर कुठला आहे.

आधी गाडीची ओळख, नुसतं मॉडेल आणि साल नाही

पन्नास-साठ वर्षांची गाडी कारखान्यातून निघाली तशी राहिलेली नसते. कोणीतरी बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो काढून अल्टरनेटर घातलेला असतो, पॉइंट (कॉईलचा करंट तोडून स्पार्क पाडणारे संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेलं असतं, सहा व्होल्टची बारा व्होल्ट केलेली असते, इंजिन तर कित्येकदा दुसऱ्याच मॉडेलचं असतं. त्यामुळे सालाबरोबर हे पण लिहा की इंजिन मूळचं आहे की बदललेलं, कार्बोरेटरवर काय नाव कोरलंय, पॉइंट आहेत की इलेक्ट्रॉनिक, व्होल्ट किती, आणि बॅटरीची कुठली बाजू बॉडीला जोडलीय. ही शेवटची गोष्ट फार जण सोडतात. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांमध्ये बॅटरीचं प्लस टोक बॉडीला असायचं, ज्याला पॉझिटिव्ह अर्थ म्हणतात, आणि आजच्या माणसाच्या डोक्यात अर्थ म्हणजे मायनस हे इतकं पक्कं बसलंय की तो विचारतच नाही.

मी पण विचारलं नव्हतं. एकाने इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं मॉड्यूल आणलं होतं आणि वायर कुठली कुठे ते विचारलं, मी अगदी झटपट आणि आत्मविश्वासाने सांगितलं, काळी बॉडीला, लाल कॉईलला, झालं. त्याची गाडी पॉझिटिव्ह अर्थची होती आणि मॉड्यूल निगेटिव्ह अर्थचं. पहिल्यांदा चावी फिरवली तेव्हाच ते जळालं. त्याने मला एक शब्द वाकडा लिहिला नाही, पण मला ते आजही लागतं, कारण एक प्रश्न विचारायला मला दहा सेकंद लागली असती. तेव्हापासून विजेचं काहीही असो, मी आधी विचारतो की बॅटरीच्या कुठल्या टोकाची जाड वायर बॉडीवर गेलीय, फोटो टाका. फोटो म्हणजे फोटोच, "बहुतेक मायनस असेल" हे मला चालत नाही.

डावं-उजवं याचा गोंधळ तर विचारू नका. काही जण गाडीच्या समोर उभे राहून डावं म्हणतात, काही सीटवर बसून. ड्रायव्हर साइड म्हटलं तरी स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे यावर ते उलटं होतं, आणि ऑनलाइन वाचणारा कुठल्या देशात बसलाय कोणास ठाऊक. म्हणून कायम ड्रायव्हरच्या सीटवर बसून पुढे बघताना जे डावं ते डावं, आणि हे एकदा वाक्यात लिहूनच टाका. सिलिंडरच्या नंबरचंही तसंच. एक नंबर म्हणजे रेडिएटरकडचा असं आपण धरून चालतो, पण जुन्या रेनोमध्ये मोजणी फ्लायव्हीलच्या, म्हणजे क्लचकडच्या, बाजूने सुरू होते, साब ९९ मध्ये इंजिनच उलटं बसवलेलं असल्यामुळे एक नंबर मागे, केबिनच्या भिंतीकडे येतो. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, चार सिलिंडरला १-३-४-२ असते हे पाठ असतं सगळ्यांना, पण फोर्डच्या केंट इंजिनला ती १-२-४-३ आहे आणि बीटलला १-४-३-२. एखाद्याने चांगल्या मनाने "१-३-४-२ लाव" सांगितलं की झालं, गाडी कार्बोरेटरमधून फटाके मारणार आणि मालक कार्बोरेटर खोलणार.

दुखणं कसं लिहायचं

मला सगळ्यात उपयोगी पडतात त्या वेळ, क्रम आणि आकडे. कधी होतं, म्हणजे थंड असताना की गरम झाल्यावर, चढाला की उतारावर, टाकी भरलेली असताना की तळाला गेल्यावर, पावसात की कोरड्यात. कसं होतं, म्हणजे चावी काढल्यासारखी एकदम बंद पडते की आधी झटके देते, खोकते, मग हळूहळू जीव सोडते. हा फरक लिहिणाऱ्याला किरकोळ वाटतो पण ऐकणाऱ्याला यातच निम्मं उत्तर मिळतं, एकदम बंद पडली तर संशय आधी करंटकडे जातो आणि झटके देत बंद पडली तर पेट्रोलकडे, नेहमीच खरं ठरतं असं नाही पण सुरुवात कुठून करायची ते तरी कळतं. मग परत सुरू व्हायला किती वेळ लागतो, दोन मिनिटं की अर्धा तास.

आणि शेवटचं काय बदललं होतं. हे लिहायला लोक लाजतात, म्हणजे आपणच काहीतरी बिघडवलंय असं दिसेल म्हणून गाळतात, किंवा त्यांना खरंच वाटतं की त्याचा याच्याशी संबंध नाही. सांगा. बॅटरी धुतली असेल, कार्पेट बदललं असेल, सर्व्हिसिंग केलं असेल, काहीही असो, सांगा.

हे मी स्वतःच्या गाडीवर शिकलो. वीस मिनिटं चालली की गाडी मरायची, थांबून निवली की परत सुरू. मी व्यवस्थित लिहिलं होतं, कॉईल बदलली, पेट्रोलची नळी एग्झॉस्टपासून लांब केली, फिल्टर बदलला, सगळं लिहिलं, फक्त हे लिहिलं नाही की महिनाभर आधी सर्व्हिसिंग करताना पॉइंट आणि त्यांना जोडलेला कंडेन्सर नवीन टाकलेत, कारण नवीन आहेत ना, ते कसे खराब असणार. एका जुन्या जाणत्या माणसाने बाकी काही न बोलता विचारलं, "हे सुरू व्हायच्या आधी गाडीला शेवटचा हात कशाला लावला होता?" मी सांगितलं. तो म्हणाला जुना कंडेन्सर फेकला नसेल तर तोच परत लाव. डब्यात होता, लावला, आणि गाडी दिवसभर चालली. नवीन कंडेन्सर गरम झाला की आतून तुटत होता. तेव्हापासून जुना पार्ट मी लगेच फेकत नाही आणि "नवीन टाकलाय" याचा अर्थ "चांगला आहे" असा घेत नाही, तुम्हीही घेऊ नका, विशेषतः कंडेन्सर, रोटर आणि रबरी पार्ट यांच्या बाबतीत.

"सगळं चेक केलंय" हे वाक्य तर मी बघितलं की पुढे वाचावंसंच वाटत नाही, आणि यात मला कोणाला कमी लेखायचं नाहीये, पण त्यातून काहीच कळत नाही हो. स्पार्क चेक केला म्हणजे काय केलं? प्लग काढून इन्सुलेटेड पकडीने इंजिनला टेकवून सेल्फ मारला आणि निळा कडक स्पार्क दिसला, की पिवळट बारीक दिसला, की नुसती वायर हाताने हलवून पाहिली? आणि मोकळ्या हवेत स्पार्क पडला म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाखाली पडेलच असंही नाही, तिथे त्याला जास्त जोर लागतो. बॅटरी चांगली आहे म्हणजे किती व्होल्ट? बारा व्होल्टची पूर्ण चार्ज बॅटरी, गाडी बंद असताना, साधारण १२.६ दाखवते, गाडी सुरू करून रेस केल्यावर साधारण १४ च्या आसपास गेली पाहिजे, आणि सेल्फ मारताना दहाच्या बरीच खाली कोसळत असेल तर बॅटरी, तिची टोकं किंवा सेल्फ यातलं काहीतरी आहे. हे तीन आकडे लिहिले की समोरचा माणूस लगेच कामाला लागतो.

चांगला प्रश्न कसा दिसतो ते एकदा पूर्णच लिहून दाखवतो:

"चार सिलिंडर, इंजिन मूळचंच, एसयू कार्बोरेटर एक, पॉइंट इग्निशन, १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ, मेकॅनिकल पेट्रोल पंप. थंड असताना चोक देऊन पहिल्या सेल्फला सुरू होते. साधारण २५ किलोमीटर चालल्यावर झटके देते, पिकअप जातो आणि अर्ध्या मिनिटात बंद पडते. दहा मिनिटं थांबलं की सुरू होते, मग पुढच्या वेळी लवकर बंद पडते. टेंपरेचरचा काटा मध्यावरच असतो. दोन महिन्यांपूर्वी टाकी काढून आतून साफ केली आणि झाकण नवीन टाकलं, त्याआधी हा त्रास नव्हता. बंद पडल्यावर लगेच स्पार्क पाहिला, कॉईलची मधली वायर ब्लॉकपासून ५ मिमीवर धरून, निळा आणि कडक आहे. मला वाटतंय पंप असेल पण खात्री नाही."

बघा, अंदाज पण आहे यात, अंदाज लिहायला हरकत काहीच नाही, फक्त तो शेवटी आणि वेगळा आहे. हा वाचून कोणीही अनुभवी माणूस टाकीच्या झाकणावर जाऊन थांबेल.

फोटो काढताना एक लांबून आणि एक जवळून, नुसता जवळचा फोटो टाकला तर तो बोल्ट गाडीत नक्की कुठे आहे हेच कळत नाही. आवाजाचा व्हिडिओ असेल तर त्यावर बोलू नका, रेडिओ बंद, आधी स्लोमध्ये पंधरा-वीस सेकंद, मग हळूहळू रेस, मग एकदम सोडून, आणि फोन कुठे धरलाय ते लिहा. टकटक आवाजाबद्दल विचारत असाल तर ती इंजिनच्या प्रत्येक फेऱ्याला येते की दोन फेऱ्यांत एकदा, हे ऐकून सांगता आलं तर फार मोठी मदत होते. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते, त्यामुळे टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची) टकटक निम्म्या तालात येते, तर बिग एंडचा (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या बेअरिंगचा) ठोका प्रत्येक फेऱ्याला आणि जड, खोल, इंजिनवर लोड आला की वाढणारा. साध्या रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं इंजिनच्या वेगवेगळ्या जागी धरून आवाज कुठे मोठा होतो ते पाहता येतं, फक्त पंखा आणि बेल्टपासून हात, नळी आणि कपडे लांब ठेवा.

सल्ला आला, आता काय करायचं

लगेच पाना घेऊन धावायचं नाही. सगळी उत्तरं आधी वाचून घ्या, आणि ज्याने उलट प्रश्न विचारलेत त्याला आधी उत्तर द्या, माझ्या अनुभवात प्रश्न विचारणारा माणूस बहुतेक वेळा कामाचा निघतो. मग जी तपासणी सोपी आहे, ज्यात काही खोलावं लागत नाही आणि जी उलटवता येते, ती पहिली. टाकीचं झाकण उघडून पाहणं ही कार्बोरेटर खोलण्याच्या आधीची गोष्ट आहे, भले कार्बोरेटरवाला जास्त ठासून बोलत असेल. ठासून बोलणं आणि बरोबर असणं यांचा काही संबंध नसतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणीच पाळत नाही, कारण रविवारची सकाळ मिळालेली असते आणि बॉनेट उघडलेलंच असतं तर प्लगपण बदलून टाकू, टायमिंगपण बघू असं होतं. मग गाडी चालली तर कशामुळे ते कळत नाही आणि बिघडली तरी कळत नाही. डिस्ट्रिब्युटर हलवायच्या आधी त्याच्या बॉडीवर आणि इंजिन ब्लॉकवर खुणेची रेघ मारा, मिक्स्चरचा स्क्रू फिरवायच्या आधी तो आत पूर्ण बसेपर्यंत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवा, वायर काढायच्या आधी फोटो. म्हणजे सल्ला चुकीचा निघाला तर निदान होतो तिथे परत येता येतं.

सल्ला पटला नाही तर तसं सांगा, कारणासकट. "तुमचं बरोबर असेल पण माझ्याकडे बंद पडल्यावर स्पार्क कडक होता, मग कॉईल कशी?" असं विचारलं की चांगला माणूस चिडत नाही, उलट त्याला नवीन माहिती मिळते.

सल्ला देणाऱ्याने

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण बिघडतं ते जास्त करून इथेच. पहिलं, तुमचं ज्ञान कुठून आलंय ते सांगा. "माझ्या गाडीत हेच झालं होतं आणि मी हे केलं", "मी स्वतः केलेलं नाही पण वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असं आहे", "हा माझा फक्त अंदाज आहे", ही तीन वेगळी वाक्यं आहेत, आणि वाचणाऱ्याला त्यातला फरक कळायलाच हवा, कारण तो तुमच्या शब्दावर गाडी खोलणार आहे.

दुसरं, पार्ट सांगू नका, तपासणी सांगा, आणि तपासणी सांगताना तिचं उत्तर असं आलं तर पुढे काय आणि तसं आलं तर काय, दोन्ही सांगा. गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या गाडीचंच घ्या. मी असं लिहितो: पुढच्या वेळी बंद पडली की गाडी सुरक्षित बाजूला घ्या आणि पहिल्यांदा फक्त पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा, कान देऊन. फुस्स करून हवा आत ओढली गेली आणि त्यानंतर गाडी सुरू होऊन नीट चालली तर टाकीला हवा जायचा रस्ता बंद झालाय, झाकणातलं भोक किंवा व्हेंटची नळी बघा, जुन्या झाकणाच्या जागी व्हेंट नसलेलं झाकण लागलेलं असू शकतं. हवा ओढली गेली नाही तर झाकण परत लावून लगेच, गाडी निवायच्या आत, स्पार्क पाहा. बारीक पिवळा किंवा अजिबात नसेल तर आधी चांगला माहीत असलेला कंडेन्सर लावून बघा कारण तो बदलणं सोपं, मग कॉईल. आणि कॉईल बदलायची वेळ आली तर आधी बॅलास्ट रेझिस्टर (कॉईलच्या आधी करंट कमी करणारा रोध) आहे का ते विचारायचं, कारण त्या सिस्टिमची कॉईल साधारण दीड ओहमची असते आणि बिनरेझिस्टरवाली साधारण तीन ओहमची, दीडवाली थेट बारा व्होल्टवर लावली तर ती तापते आणि पॉइंट जळतात, म्हणजे बरा करायला गेलो आणि नवं दुखणं दिलं. स्पार्क कडक असेल तर पेट्रोलकडे वळा, नळी कुठे एग्झॉस्टजवळून जाते, पंप पेट्रोल देतोय का. पेट्रोलची ही तपासणी करताना इंजिन गरम असतं आणि पेट्रोल उघडं, त्यामुळे थोडं निवू द्या, आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा, आणि पेट्रोल उघडं असताना स्पार्कची तपासणी अजिबात नाही. हा इशारा सल्ल्याच्या आतच लिहायचा, नंतर वेगळा नाही, कारण माणूस पहिला मेसेज वाचून गाडीकडे जातो आणि दुसरा घरी आल्यावर वाचतो.

अजून एक आवडती तपासणी, कारण तिने किती सेल्फ मोटर वाचल्यात. सेल्फ मंद फिरतोय म्हणून लोक सेल्फ उतरवतात. त्याआधी मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थच्या पोस्टवर, नुसत्या क्लॅम्पवर नाही, पोस्टवर, आणि दुसरं इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर ठेवून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर करंट परत जायचा रस्ता खराब आहे, म्हणजे अर्थची पट्टी गंजलीय किंवा रंगावर बसवलीय. अशा गाडीत कधी कधी चोकची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल गरम होते, कारण करंट बिचारा मिळेल त्या वाटेने जातो. कोणी "सेल्फ मारताना चोकची केबल तापते" असं लिहिलं तर बाकी काही विचारायचं नाही, अर्थची पट्टी.

आकडा दिला तर युनिटसकट द्या. "६० ला टाइट करा" याचा अर्थ काय? ६० फूट-पाउंड म्हणजे साधारण ८१ न्यूटन-मीटर, आणि ६० इंच-पाउंड म्हणजे त्याचा बारावा हिस्सा. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये कोणी चुकीच्या युनिटने टाइट केलं की आटे गेले, आणि मग ते काम एका दिवसाचं राहत नाही. गॅलनमध्ये ऑइल सांगणाराही असतो, ब्रिटिश गॅलन ४.५ लिटरपेक्षा थोडा जास्त आणि अमेरिकन ३.८ च्या आसपास, तेव्हा लिटरमध्येच सांगा. आट्यांचंही तेच, जुन्या ब्रिटिश गाडीत व्हिटवर्थ, बीएसएफ, यूएनएफ अशी खिचडी असू शकते, व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंश आणि यूएनएफ, मेट्रिकचा ६०, सुरुवातीचे दोन फेरे बसल्यासारखं वाटतं आणि मग अडकतं. अडकलं की जोर लावू नका, बाहेर काढा आणि मोजा, हे नवख्याला स्पष्ट सांगा.

द्रव पदार्थांबद्दल बोलताना तर जीभ सांभाळूनच बोला. ब्रेक ऑइलमध्ये डॉट ५ आणि डॉट ५.१ ही नावं सख्ख्या भावांसारखी वाटतात पण डॉट ५ सिलिकॉनचं आहे आणि ५.१ हे डॉट ३, डॉट ४ सारखं ग्लायकॉलचं, सिलिकॉनवालं त्यांच्यात मिसळायचं नाही. घाईत पॉइंट एक टाइप करायचं राहिलं तर काय होईल याचा विचार करा. सिट्रोएन डीएसला सुरुवातीला लाल रंगाचं ऑइल लागायचं आणि १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हिरवं एलएचएम आलं, दोन्हीचे सील वेगळ्या रबराचे, अदलाबदल झाली तर सगळ्या सिस्टिमचे सील जातात. गिअर ऑइलमध्ये "जीएल-५ नवीन आहे म्हणजे चांगलंच" असं सांगणारे असतात, पण त्यातली जास्त दाबाची रसायनं काही जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगना त्रास देतात आणि गिअर नीट पडेनासे होतात, मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४.

ब्रेक आणि स्टिअरिंग यांच्याबद्दल मी लांबून एका मर्यादेपुढे जात नाही. पेडल खाली जातंय तर गळती कुठे बघायची, कुठली तपासणी करायची, इथपर्यंत ठीक. पण "एवढं केलंस तर चालव" असं मी कधीच लिहीत नाही, कारण मी ते ड्रम पाहिलेले नाहीत. तिथे सरळ सांगायचं की गाडी जागेवरून हलवू नका, जाणकार माणसाला प्रत्यक्ष दाखवा. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे ड्रममधली धूळ हवा मारून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, स्टँड लावा. कोणाच्या फोटोत जॅकवरची गाडी आणि खाली पाय दिसले तर मूळ प्रश्न बाजूला ठेवून आधी हे लिहा, कोणाला आगाऊपणा वाटला तर वाटू दे.

आणि एक विनंती. कोणी प्लग मिसिंगचं विचारतंय आणि तुम्ही त्याला सांगताय की हे सीट कव्हर मूळचं नाही, हा रंग त्या साली नव्हता, हे करू नका. तो माणूस कदाचित वडिलांची गाडी परत रस्त्यावर आणायला धडपडतोय. मूळपणा महत्त्वाचा आहे, मलाही तो प्रिय आहे, पण त्याने विचारलं तर सांगा. आधीच्या मेकॅनिकने किती घाण काम केलंय हेही प्रत्येक वेळी सांगायची गरज नसते, त्याला गाडी बघताना ते दिसतंच असतं.

दोन सल्ले एकमेकांच्या विरुद्ध आले तर भांडू नका, दोघांत फरक पाडेल अशी एक तपासणी सुचवा. तू म्हणतोस रिंग गेल्यात, मी म्हणतो व्हॉल्व्ह, मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघू, सगळे प्लग काढून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, आणि ज्या सिलिंडरचा आकडा खाली आहे त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत. आकडा चांगला वर आला तर रिंग, नाही आला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. गाडीच सांगेल काय ते, आपण दोघांनी एकमेकांना सांगत बसायची गरज नाही.

शेवटी काय निघालं ते लिहा

गाडी सुरू झाली की माणूस फिरायला जातो आणि परत येऊन लिहायचं विसरतो, हे मी समजू शकतो, पण दोन-तीन वर्षांनी कोणीतरी तोच त्रास घेऊन शोधत शोधत तुमच्या प्रश्नापर्यंत येतो, खाली वीस अंदाज वाचतो आणि उत्तर मात्र नाही. "झालं, थँक्स" याचाही त्याला काही उपयोग नाही. आणि गाडी सुरू झाल्या झाल्या लिहू नका, थोडी चालवून मग लिहा, कारण जुनी गाडी गॅरेजसमोर चालते आणि रस्त्यावर परत रुसते. वर जो प्रश्न लिहून दाखवला त्याचा शेवट असा यायला हवा:

"टाकीच्या झाकणाचा प्रश्न होता. नवीन झाकणाला व्हेंटचं भोक नव्हतं. बंद पडल्यावर झाकण उघडलं तर हवा जोरात आत गेली, गाडी लगेच सुरू झाली. जुनं झाकण साफ करून परत लावलं. त्यानंतर तीन वेळा मिळून ३०० किलोमीटर चालवली, दुपारच्या उन्हात पण, एकदाही बंद पडली नाही. पंप बदललेला नाही, तो चांगलाच होता. ज्यांनी झाकण उघडून ऐकायला सांगितलं त्यांचे आभार."